आर्या वाचली कशी? गेम ऑफ थ्रोन्स सीझन ६ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी कोणी ना कोणी नव्यानी गेम ऑफ थ्रोन्स बघायला घेतं, सहाव्या सीझनपर्यंत पोचतं आणि मग तोच प्रश्न घेऊन येतं की अरे पोटात एवढा सुरा खुपसल्यावर ही पोरगी पळतेय कशी. दरवेळी तेच तेच टाइप करायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. स्पॉयलर अगदी शेवटच्या एपिसोडपर्यंतचे आहेत, त्यामुळे अजून बघायचं असेल तर इथूनच मागे फिरा, नंतर शिव्या घालू नका.

कुठला सीन म्हणताय? मला नीट आठवत नाहीये.

सीझन ६, एपिसोड ७, नाव "द ब्रोकन मॅन". एचबीओवर ५ जून २०१६ ला आला. आर्या स्टार्क तेव्हा ब्राव्होस शहरात आहे, फेसलेस मेन नावाच्या मारेकऱ्यांच्या पंथात शिकायला गेलेली. लेडी क्रेन नावाच्या नाटकातल्या नटीला विष घालायचं काम तिला दिलं होतं आणि ते तिनी ऐन वेळी स्वतःच हाणून पाडलं (हे एपिसोड ६ मधे). मग पंथातली तिची जुनी वैरीण, जिला सगळे वेफ म्हणतात, ती त्यांचा गुरू जॅकेन हगार याच्याकडे जाते आणि तो म्हणतो की ठीक आहे, पण पोरीला फार हाल करून मारू नको. वेफनी हाल करूनच मारायचं ठरवलेलं असतं हे तिच्या तोंडावरच दिसतं.

मग वेफ आर्याला भोसकते, आणि ती वाचली कशी याचं उत्तर पुढच्या एपिसोडला, "नो वन" ला, १२ जूनला मिळालं. मधला जो आठवडा होता तो म्हणजे हा सगळा वाद.

पुलावर नेमकं काय होतं?

आर्या एका वेस्टेरॉसच्या (म्हणजे तिच्या मूळ खंडाच्या) बोटवाल्याकडे जाते, पैशाच्या दोन पिशव्या त्याच्यासमोर टाकते, मला केबिन पाहिजे, उद्या पहाटे निघायचं म्हणून ऐकवते. अगदी सावकाराच्या लेकीसारखा तोरा. मग एका दगडी पुलावर निवांत उभी राहून लांबचा तो प्रचंड पुतळा बघत बसते. एक म्हातारी लाडानी हाक मारत जवळ येते, आर्या वळते, आणि म्हातारीच्या बाहीतून सुरा निघतो. एकदा नाही, पोटात परत परत, आणि शेवटी आत घालून फिरवते. हे फिरवणं लक्षात ठेवा, पुढे डॉक्टरी प्रश्नात लागणार आहे. आर्या कशीबशी सुटून खाली कालव्यात पडते. वेफ पाण्याकडे बघत राहते, रक्ताचे बुडबुडे वर येतात, तिला वाटतं झालं काम. मग आर्या दुसरीकडे पाण्यातून बाहेर येते आणि पोट धरून भर बाजारातून चालत जाते, सगळे तिच्याकडे बघतात आणि एक माणूस पुढे येत नाही. एपिसोडमधला तिचा भाग तिथेच तुटतो.

मला विचाराल तर त्या बाजारातल्या चालण्यात मेसी विल्यम्सनी जे केलंय ते अख्ख्या सीझनमधल्या तिच्या कामातलं सगळ्यात भारी आहे, डोळ्यात वेदनेपेक्षा भीती जास्त, समोरचा प्रत्येक चेहरा वेफचा असू शकतो ही भीती. पण वादाच्या नादात त्याबद्दल कोणी बोललंच नाही.

भोसकलं म्हणजे भोसकलं, त्यात संशय घेण्यासारखं काय होतं?

कारण त्या सीनमधली आर्या आर्यासारखी वागतच नाही ना. मागच्याच एपिसोडच्या शेवटी आपण तिला बघितलं, दगडाखाली लपवलेली नीडल तलवार बाहेर काढून अंधारात मेणबत्ती विझवून जागी बसलेली, म्हणजे तिला पक्कं माहितीये की आपल्यामागे मारेकरी लागलेत. आणि पुढच्या एपिसोडला हीच पोरगी दिवसाढवळ्या, बिनधास्त, मधोमध पुलावर, पाठ उघडी टाकून उभी? नीडल कुठेच दिसत नाही. एवढे पैसे कुठून आले ते कोणी सांगत नाही. आणि ज्या पंथाचे लोक दुसऱ्याचे चेहरे घालून फिरतात त्या पंथातून पळून आलेली मुलगी अनोळखी म्हातारीला एवढं जवळ येऊ देते?

त्यात हाताची गोष्ट. आर्या डावखुरी आहे, पुस्तकात तसं आहे म्हणून मेसी विल्यम्स स्वतः उजव्या हाताची असूनही पहिल्या सीझनपासून तलवार डाव्या हातानी चालवायला शिकली. तर लोकांनी बोटवाल्याचा सीन पॉज करकरून बघितला आणि म्हणाले की बघा पैसे उजव्या हातानी टाकतेय, ही आर्या नाहीच. आता पिशवी कोणीही कुठल्याही हातानी टाकू शकतं, हा पुरावा तसा पोकळच होता, पण त्या आठवड्यात लोक अशा मूडमधे होते की फ्रेममधल्या सावलीतूनसुद्धा अर्थ काढतील.

आणि याचा दोष मी प्रेक्षकांना देणार नाही. या सिरीजनीच पाच वर्षं शिकवलं होतं की बेसावध राहाल तर मराल. तिचा बाप नेड स्टार्क बेसावध राहिला, गेला. भाऊ रॉब बेसावध राहिला, लग्नाच्या पंगतीत गेला. ओबेरिन मार्टेल जिंकलेली लढाई सोडून भाषण ठोकत बसला, त्याचं डोकं फुटलं. एवढं शिकवल्यावर प्रेक्षकाला एखादी बेसावध आर्या दिसली तर तो दोनच गोष्टी म्हणणार, एक तर ही मरणार किंवा ही नाटक करतेय.

मग थिअऱ्या कुठल्या कुठल्या होत्या?

खूप होत्या, त्यातल्या ज्यांच्यात दम होता तेवढ्याच सांगतो.

रक्ताची पिशवी. म्हणजे आर्यानी आधीच कपड्यांखाली जनावराचं रक्त भरलेली पिशवी बांधली होती आणि मुद्दाम पुलावर उभी राहिली, वेफला वाटावं काम झालं. ही मला तेव्हा सगळ्यात पटायची कारण तिला आधार होता. आर्या ज्या नाटक कंपनीच्या मागेपुढे फिरत होती ते लोक रोज स्टेजवर खोटं रक्तच सांडत होते, तिच्या स्वतःच्या बापाचं खोटं मुंडकं तिनी त्या नाटकात उडताना बघितलं होतं. नाटकवाल्यांकडून नाटक शिकून मारेकऱ्यांना चकवलं, काय सुंदर जुळलं असतं बघा.

जॅकेनच आर्या आहे. त्यानी आर्याचा चेहरा घातला, वेफची परीक्षा घ्यायला, की ही सांगितल्याप्रमाणे झटपट मारते का सूड काढते. ही वरवर येडपट वाटते पण पाचव्या सीझनच्या शेवटी शोनी हेच केलं होतं, जॅकेन विष पिऊन मरतो, आर्या त्याच्या प्रेताचे चेहरे एकावर एक सोलत जाते आणि शेवटी खाली तिचा स्वतःचाच चेहरा निघतो, आणि खरा जॅकेन मागे उभा. एकदा केलंय म्हणजे परत करू शकतात असं लोक म्हणाले. अडचण एवढीच की मग रक्तबंबाळ होऊन एकटाच बाजारातून घाबरत का चालेल तो, कोणासाठी चाललंय हे नाटक?

वेफ आणि आर्या एकच. वेफ म्हणजे आर्याच्याच डोक्यातला भाग, दोघींची मारामारी म्हणजे तिची स्वतःशीच मारामारी. ऐकायला फार खोल वाटतं. पण आर्या तिथे नसतानाही वेफ आणि जॅकेन बोलताना दाखवलेत, एपिसोड ६ मधेच, त्यामुळे ही तिथेच मेली.

आणि चौथी, जी अजूनही मरत नाही, की आर्या पुलावरच मेली आणि पुढची सगळी आर्या म्हणजे वेफ आहे. हिला खाली वेगळा प्रश्न दिलाय.

मग खरं उत्तर काय निघालं?

खरं उत्तर असं की काहीच नव्हतं. आर्याच होती, सुराही खरा होता, रक्तही खरं, प्लॅन बिन काही नाही. ती लेडी क्रेनच्या नाटकाच्या पडद्यामागे सापडते, लेडी क्रेन तिला घरी नेते, शिवते, सूप पाजते, वेदना कमी व्हायला अफूचं ते औषध देते जे या गोष्टीत सगळ्यांनाच देतात, आणि झोपवते. तू हे टाके घालायला कुठे शिकलीस असं आर्या विचारते तेव्हा तिचं उत्तर मजेशीर आहे, की मी संशयी स्वभावाची, माझे यार दुसरीकडे गेले की मीच त्यांना भोसकायचे आणि मग वाईट वाटून मीच शिवायचे.

आर्याला जाग येते तोपर्यंत वेफ येऊन लेडी क्रेनला मारून बसलेली असते. मग तो पाठलाग, खिडकीतून उडी, बाजारातून पळापळ, जिन्यावरून फळांच्या टोपल्यांसकट गडगडणं (हे सगळं स्पेनमधल्या जिरोना शहराच्या जुन्या गल्ल्यांमधे शूट झालंय, कधी गेलात तर ते जिने बघून तुमचेच गुडघे दुखतील). शेवटी जखम उघडते, रक्ताचा माग काढत वेफ त्या अंधाऱ्या खोलीत येते, आर्या नीडलनी मेणबत्ती कापते आणि अंधार होतो. सीझनच्या सुरुवातीला ती आंधळी होती (पंथाची शिक्षा), तेव्हा वेफकडून काठीनी खाल्लेला मार इथे कामाला येतो. पुढे दिसतो तो थेट वेफचा चेहरा, पंथाच्या देवळातल्या भिंतीवर लावलेला.

मेणबत्तीची आयडिया मस्तच, तिची तयारी सीझनच्या पहिल्या एपिसोडपासून चालू होती. म्हणजे लेखकांना तयारी करता येत होती. म्हणूनच पुलाचा राग जास्त येतो.

वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहे का हो? माझ्या डॉक्टर मित्राशी पैज लागलीये.

पैज कशावर लागलीये त्यावर आहे. "पोटात भोसकल्यावर माणूस वाचू शकतो का" अशी असेल तर वाचू शकतो. पोटावर लागलेला प्रत्येक वार आत पोचतोच असं नाही, ट्रॉमा सर्जरीत ढोबळ हिशोब सांगतात तो असा की साधारण एक तृतीयांश वार पोटाच्या आतल्या पडद्यापर्यंत जातच नाहीत, एक तृतीयांश आत जातात पण मोठी इजा करत नाहीत आणि उरलेल्यांना ऑपरेशन लागतं. महारोहिणी मागे मणक्याला लागून असते, तिला सुरा लागला तर खेळ काही मिनिटांचा. यकृत उजवीकडे बरगडीखाली, तेही भयंकर रक्त सोडतं. आर्याच्या अंगाची मुलगी, समजा ४५ किलो, तिच्या अंगात रक्त जेमतेम तीन लिटरच्या आसपास. त्यातलं ४० टक्क्यांच्या वर गेलं की जीव वाचणं कठीण. ती त्यानंतर पोहते आणि चालते, म्हणजे मोठी रक्तवाहिनी वाचली असं मानू.

पण पैज "एवढ्या वारानंतर ऑपरेशनशिवाय, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी छतावरून उड्या मारता येतील का" अशी असेल तर मित्र जिंकला, पैसे देऊन टाका. परत परत मारलेले वार आणि वर सुरा आत फिरवलाय, यात आतडं फाटलं नाही हे मानायला फार मोठं मन लागतं. आतडं फाटलं की आतली घाण पोटात सांडते, पोट दगडासारखं कडक होतं, ताप चढतो आणि इन्फेक्शन रक्तात जातं. अँटिबायोटिक्स आणि पोट उघडून शिवायची सोय येण्याआधी ही गोष्ट बहुतेक वेळा मरणावरच संपायची. बाहेरून कातडी कितीही सुंदर शिवली तरी आत काय चाललंय त्याचं काय? वर कालव्याचं पाणी, म्हणजे अख्ख्या शहराचं गटार. अफूनी दुखणं थांबतं, इन्फेक्शन नाही.

अहो पण ड्रॅगन चालतात आणि टाके चालत नाहीत? फँटसी आहे ती!

हा प्रश्न दर वेळी येतो आणि विचारणाऱ्याला वाटतं की झालं, तोंड बंद केलं.

ड्रॅगन चालतात कारण शोनी सांगितलंय की इथे ड्रॅगन असतात. पण पोटाच्या जखमेबद्दलही शोनी सांगितलंच होतं की. राजा रॉबर्ट आठवा, पहिला सीझन, रानडुकरानी पोट फाडलं, राजवैद्य हाताशी, तेच अफूचं औषध, आणि गडी पलंगावरून उठला नाही. खाल ड्रोगो, छातीवर साधा ओरखडा म्हणावा असा वार, तो चिघळला आणि एवढा मोठा योद्धा घोड्यावरून खाली पडला. आर्याबरोबर फिरणाऱ्या हाउंड नावाच्या योद्ध्याला मानेवर चावा बसला तेव्हा ती जखम चौथ्या सीझनच्या शेवटापर्यंत त्याला पिडत राहिली आणि हे सगळं आर्याच्या डोळ्यासमोर. रॉबची बायको तलीसा, तिला भर लग्नात पोटात भोसकलं ती तिथेच संपली. जॉन स्नोला भोसकलं तर तो मेलाच, आणि त्याला परत आणायला चक्क जादू करावी लागली, तेही याच सहाव्या सीझनमधे, आर्याच्या काही आठवडे आधी.

म्हणजे नियम त्यांनीच घालून दिले होते, घाव लागला की माणूस किंमत मोजतो. आर्याला मेलिसांड्रेनी (जादू करणारी पुजारीण) जादूनी बरं केलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं. तिला सूपनी बरं केलं. आपल्याकडच्या मालिकेत नायिका गोळी लागून सोमवारच्या एपिसोडला हळदीकुंकवाला हजर असते तेव्हा आपण हसतो ना, मग एचबीओला काय वेगळा न्याय.

ती आर्या नाहीच, ती वेफ आहे. पुरावे द्या की ती आर्या आहे.

घ्या.

अंधारात काय झालं ते दाखवलं नाही, त्यामुळे संशयाला जागा होती हे मान्य. आणि सातव्या सीझनमधे आर्या एवढी थंड, सपाट आवाजात बोलणारी झाली की लोकांचा संशय वाढलाच. पण चेहरा घातल्यानी आठवणी येतात असं शोमधे कुठेच नाही. सातव्या सीझनच्या दुसऱ्या एपिसोडला ती हॉट पायला भेटते, जुन्या ओळखीनी बोलते, पाय (इंग्रजी pie, भाजलेला भरीव पदार्थ) कसा चांगला करायचा यावर गप्पा होतात. त्याच एपिसोडला नायमेरिया, तिची लांडगीण, जंगलात समोर येते, तिला नावानी ओळखते आर्या आणि ती लांडगीण तिचा फडशा न पाडता निघून जाते. लांडग्याच्या नाकाला चेहरा बदलून फसवता येत असेल असं मला वाटत नाही.

आणि सगळ्यात पक्का पुरावा आठव्या सीझनच्या दुसऱ्या एपिसोडला आहे, तिच्या पोटाच्या बाजूला व्रण दिसतात. चेहरा वेफनी चोरला असेल पण अंगावरचे टाके कुठून आणले? मला वाटतं मेकअपवाल्यांनी दिग्दर्शक-लेखकांपेक्षा ती जखम जास्त लक्षात ठेवली होती.

जॅकेननी तिला जाऊ का दिलं?

शोनी स्वच्छ सांगितलेलं नाही. त्यानीच वेफला परवानगी दिली, आणि आर्या नीडल त्याच्या छातीला लावून जाब विचारते तेव्हा तो हो म्हणून मोकळा होतो, वर चेहऱ्यावर कौतुक. माझा अंदाज असा की त्याच्या हिशोबात देवाला एक जीव देणं होतं, तो कोणाचा हा मुद्दा नव्हता, वेफचा मिळाला, खातं मिटलं. पहिल्यांदा भेटला तेव्हाही त्याचं गणित असंच होतं, आर्यानी तिघांचे जीव वाचवले म्हणून तिला तीन मरणं देतो म्हणाला होता. आर्या मग आपलं खरं नाव, गाव सांगून घरी चालले म्हणते आणि निघते. दोन सीझन जी पोरगी मी कोणीच नाही म्हणायला शिकत होती तिचं ते वाक्य, तिथे मात्र अंगावर काटा येतोच, कितीही राग असला तरी.

पुस्तकात कशी वाचते?

पुस्तकात हे घडतच नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचे पाच खंड आलेत, शेवटचा २०११ मधे, आणि त्यातली आर्या अजून ब्राव्होसमधेच आहे. पुस्तकातली वेफ वैरीणच नाही मुळी, ती दिसायला लहान मुलगी पण वयानी छत्तीस वर्षांची बाई आहे, विषांचं काम करून करून वाढ थांबलेली, आणि आर्याला विषं, भाषा, खोटं ओळखायचा खेळ वगैरे शिकवते. पुढच्या खंडातलं आर्याचं एक प्रकरण मार्टिननी २०१४ मधेच वाचायला टाकलं होतं, त्यात ती नाटक कंपनीत मर्सी नावानी काम करतेय. शोमधे आर्या लेडी क्रेनला हेच नाव सांगते. नाटक कंपनीची कल्पना बहुतेक तिथूनच उचललेली, पूल आणि पाठलाग डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांच्या टीमचा.

ती मरणार नाही हे आधीच कळण्यासारखं होतं का?

होतं, दोन ठिकाणी.

एक, तिसऱ्या सीझनला (एपिसोड ६, २०१३) मेलिसांड्रे आर्याची हनुवटी धरून सांगते की तुझ्यात मला अंधार दिसतो, डोळे दिसतात, तपकिरी, निळे, हिरवे, जे तू कायमचे मिटवशील, आणि आपण परत भेटू. २०१६ मधे शांत डोक्याचे जे थोडे लोक होते ते हेच सांगत होते की बाबांनो परत भेट अजून व्हायचीये, पोरगी मरत नाही. ती भेट थेट आठव्या सीझनला झाली, आर्यानी मेलेल्यांच्या फौजेच्या राजाला, नाइट किंगला, मारायच्या आधी.

दोन, मार्टिननी १९९३ मधे आपल्या एजंटला पाठवलेलं कथेच्या आराखड्याचं पत्र, जे २०१५ च्या फेब्रुवारीत बाहेर आलं. त्यात लिहिलंय की पाच मुख्य पात्रं शेवटपर्यंत तग धरतील, टिरियन, डेनेरिस, आर्या, ब्रॅन आणि जॉन. त्या पत्रातली बाकी गोष्ट नंतर इतकी बदलली की ओळखू येत नाही, तरी या पाच जणांबाबत लोकांनी ते पत्र कुंडलीसारखं जपून ठेवलं.

म्हणजे ती मरेल का हा खरा प्रश्न नव्हताच कधी. वाचणार हे माहीत होतं, कशी वाचणार यावर भांडण होतं, आणि प्रत्येकजण तिला लेखकांपेक्षा जास्त हुशार समजून भांडत होता.

भारतात तेव्हा हे कसं बघितलं लोकांनी?

अमेरिकेत रविवारी रात्री ९ ला, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेसहा. हॉटस्टारनी एप्रिल २०१६ मधेच पैसे भरून बघायची प्रीमियम सेवा सुरू केली होती आणि सहावा सीझन त्यावर होता, त्यामुळे ऑफिसला जायच्या आधी बघणारे आणि संध्याकाळी घरी जाऊन बघणारे अशा दोन जाती पडल्या. पहिल्या जातीतले लोक दिवसभर गूढ चेहरा करून फिरायचे. लोकलमधे कोणाच्या तोंडून "आर्या" असं ऐकू आलं तरी हेडफोन घट्ट करायचा.

जाता जाता, पुढच्या वर्षी सातव्या सीझनचा चौथा एपिसोड, म्हणजे ज्यात आर्या अखेर विंटरफेलला घरी पोचते तोच, आपल्याकडूनच लीक झाला. ऑगस्ट २०१७ मधे त्या प्रकरणात पोलिसांनी चार जणांना अटक केली होती. पोरीनी सात सीझन वाट बघितली घरी जायची आणि आपल्या लोकांना चार दिवस थांबवलं नाही.

आठव्या सीझनलाही ती मरून परत वाचली ना?

तिथेही तोच खेळ परत. एपिसोड ५, १२ मे २०१९, राजधानी किंग्ज लँडिंग जळतंय, भिंती तिच्यावर कोसळतात, ती उठते, परत कोसळतात, परत उठते. शेवटी सगळं शांत, राख उडतेय आणि एक पांढरा घोडा समोर उभा. लगेच थिअरी आली की ती मेलीये आणि घोडा म्हणजे मृत्यू. पुढच्या रविवारी ती हिंडताफिरताना दिसली, घोड्याचा पत्ता नाही, कोणी विचारलंही नाही.

पण या वेळी वाद आठवडाभर टिकला नाही, लोकांना २०१६ चा अनुभव होता. एकदा मूर्ख बनलेला प्रेक्षक दुसऱ्यांदा थिअरी बांधत नाही, तो फक्त बघतो. सिरीजचं खरं नुकसान तिथे झालं असं माझं मत.

एवढा राग आहे तर काय दाखवायला पाहिजे होतं? ती मेली असती तर आवडलं असतं?

छे, आर्या मेली असती तर मी टीव्ही फोडला असता. वाचू दे की, पण वाचायला तिला काहीतरी पडू दे. जेमीचा हात गेला तर तो पुढे पाच सीझन हाताविना जगतो, लढाईत डाव्या हातानी धडपडतो, त्यातून माणूस बदलतो. ब्रॅनचे पाय गेले ते गेलेच. थिऑनचं काय झालं ते सांगायला नको. टिरियनच्या तोंडावरचा वण. सगळ्यांच्या अंगावर गोष्ट लिहिलेली आहे. आर्या मात्र सहाव्याच सीझनच्या शेवटच्या एपिसोडला रॉबला मारवणाऱ्या वॉल्डर फ्रेच्या वाड्यात त्याच्याच पोरांचे तुकडे घालून केलेला पाय (pie) त्याला वाढते आणि सातव्याला ब्रिएन नावाच्या योद्धा बाईबरोबर तलवारीनी असं खेळते की जणू कधी खरचटलंच नाही. एक जिना चढताना कुशीवर हात गेला असता तरी चाललं असतं मला. एक सेकंद.

आणि लेडी क्रेन. या सगळ्यात किंमत मोजली ती तिनी, आणि तिचं नाव आर्या नंतर एकदाही घेत नाही.

आता एक गोष्ट त्यांच्या बाजूनी पण सांगतो, कारण ती चुकून निसटते लोकांच्या नजरेतून. आजारी पडलेली असताना लेडी क्रेन तिला म्हणते चल आमच्याबरोबर नाटक कंपनीत, आणि आर्या नाही म्हणते. मग सांगते की पूर्वेला एसॉस, पश्चिमेला वेस्टेरॉस, पण वेस्टेरॉसच्याही पश्चिमेला काय आहे ते कोणालाच माहीत नाही, सगळे नकाशे तिथे संपतात, मला ते बघायचंय. तीन वर्षांनी, १९ मे २०१९ ला, शेवटच्या एपिसोडमधे ती तिकडेच निघते. तेव्हा लोक ओरडले की हे काय मधेच काढलं. मधेच नव्हतं, त्या पलंगावर बोलून ठेवलेलं होतं, आपण सगळे टाके मोजण्यात गुंतलो होतो.

हा सगळा भाग परत बघायचा तर कुठले एपिसोड बघू?

अख्खा सीझन नको असेल तर आर्यापुरते सहाव्या सीझनचे १, २, ३, ५, ६, ७, ८. चार आणि नऊ सोडले तरी या गोष्टीचं काही बिघडत नाही (नऊ वेगळ्या कारणासाठी बघा, ती लढाई सोडू नका). पाचवा नीट बघा, नाटकाचा पहिला प्रयोग त्यात आहे आणि आर्याचा चेहरा प्रेक्षकांत बसलेला आहे, हसता हसता बदलत जाणारा. आणि कोणा नवख्याला दाखवत असाल तर सातवा संपल्यावर लगेच आठवा लावून देऊ नका, आठवडाभर लटकू दे त्याला, थिअऱ्या बांधू दे. त्याची थिअरी आली की इकडे कळवा, रक्ताच्या पिशवीपेक्षा चांगली असेल तर वरच्या यादीत टाकतो.